डाव्या वेणीची रिबन

माय, आज सकाळी स्वयंपाकघरात खाली बसून तांदूळ निवडत होते, तर सून म्हणाली, "आई, पाकिटातल्या तांदळात खडे असतात का आता?" नसतात. तिचं खरं आहे. पण सूप मांडीवर घेतलं की मला बरं वाटतं, हात आपोआप चालतात, आणि मग तू येतेस. दरवेळी तीच येतेस. चुलीपुढची नाही, शेवटची दवाखान्यातली तर नाहीच नाही. दीक्षाभूमीवरच्या त्या कापडी मांडवात, रडून रडून नाकं लाल झालेल्या पोट्ट्यांच्या मधोमध बसलेली तू. म्हटलं, एकदा लिहूनच काढू. तुझ्याशी बोलताना माझ्या तोंडून मले-तुले निघायचं, पेन हाती धरलं की शाळेतली भाषा येते. तेवढं चालवून घे.

वर्षभर तू विड्या वळायचीस. सुपात पानं, तंबाखू, दोरा, आणि तुझी बोटं अशी चालायची की पाहणाऱ्याला वाटावं, बाई नुसती गप्पा मारत बसली आहे. दसरा जवळ आला की ते सूप तू घासूनपुसून दोन दिवस उन्हात ठेवायचीस. तरी त्याचा तंबाखूचा वास काही जायचा नाही. मग ते डोक्यावर, तांदळाची पिशवी माझ्या काखेत, आणि आपण दोघी मेडिकल कॉलेजच्या मागच्या वस्तीतून चालत दीक्षाभूमीवर. तेव्हा तिथं आताचा स्तूप नव्हता, मोकळं मैदान होतं. कुठून कुठून माणसं यायची. ट्रकनं, रेल्वेनं, पायी. तीन दगड मांडून चूल पेटवायची, तिथंच भाकरी, तिथंच झोप. आणि सगळे पांढऱ्या कपड्यांत. बायांची पांढरी लुगडी, माणसांचे पांढरे सदरे, लेकरांना नवे पांढरे फ्रॉक. डोळ्यांना काय छान दिसायचं! आणि लेकरं हरवायची ती त्याच्याचमुळं. पोर आईचा पदर धरून चालत असायचं, फुगेवाल्याकडं बघायला क्षणभर पदर सोडायचं, पुन्हा समोर दिसेल तो पांढरा पदर धरायचं, आणि वीस पावलं गेल्यावर वर पाहायचं तर ती दुसऱ्याच कोणाची तरी आई. कमरेएवढ्या उंचीवरून सगळ्या माया सारख्याच दिसतात ना.

म्हणून आपल्या वस्तीतल्या मंडळानं हरवलेल्या मुलांसाठी मांडव घातला होता. चार बांबू, वर कापड, खाली सतरंजी, एक टेबल, त्यावर वही आणि माईक. बांबूंना बांधलेले भोंगे पार रस्त्यापर्यंत. वही लिहायला माणसं होती, माईकवर बोलायला कॉलेजचा एक मुलगा होता, पण पोरांचं रडणं थांबवणं त्यांच्यातल्या एकालाही जमेना. मग त्यांनी तुला बोलावून नेलं, कारण वस्तीत कोणाचं पोर रडायला लागलं की ते तुझ्याच मांडीत आणून टाकायची पद्धत होती. तू कोणाला नाव विचारायची नाहीस. "नाव राहू दे वं. सकाळी काय खाल्लं ते सांग." मग भाकर कोणं केली, मायनं केली, माय चुलीपाशी कोणत्या अंगाला बसते, घरात बकरी हाय का, बकरीले काय म्हणता. आणि हे विचारता विचारता पोराच्या पुढ्यात तांदळाचं सूप सरकवायचीस. "मले डोळ्यानं दिसत नाई बाप्पा, खडे काढून दे." रडणारी पोरं हुंदके देत देत खडे शोधायला लागायची. सगळी गोल करून, मान खाली घालून. सगळ्यात लहानगी तर बाहेरचे खडे आणून आत टाकायची. घरी आल्यावर महिनाभर आपण तो तांदूळ खायचो आणि बाबा दर घासाला दाताखाली खडा आला की म्हणायचे, "हे कोण्या गावचं पोट्टं होतं गा?"

आणि तुझी ती दुसरी खोड. मांडवात आलेल्या प्रत्येक लेकराच्या अंगावरची एक वस्तू तू हळूच काढून घ्यायचीस. एक बांगडी, करदोडा, एका पायातली चप्पल, फ्रॉकचं फूल. ती तुझ्या पदराला बांधायचीस. दिवस चढेल तशा तुझ्या पदराला गाठीच गाठी. कॉलेजच्या मुलानं पुकारा देताना त्या वस्तूचं नाव घ्यायचं नाही, ही सक्त ताकीद. "सगळं भोंग्यावर सांगाचं नाई. एक गोष्ट आपल्यापाशी ठेवाची. ज्याचं लेकरू हाय त्याले ते ठाऊकच असते. ज्याचं नाई त्याले आपण कायले शिकवाचं?" कोणी पोराला न्यायला आलं की तू एवढंच विचारायचीस, घरून निघताना याच्या अंगावर काय काय होतं. खरी आई यादी सांगता सांगता मध्येच थांबायची, पोराला उलटंपालटं करून पाहायची आणि तुझ्यावरच खेकसायची, "अन् याचा करदोडा कोठी गेला? कोणं काढला?" तू गाठ सोडून करदोडा तिच्या हातात द्यायचीस. "घे वं बाई. तुहंच लेकरू हाय." भांडल्याशिवाय तू कोणालाही पोर दिलं नाहीस. बापांचं मात्र अवघड व्हायचं. बिचाऱ्यांना चप्पल होती का नव्हती तेही सांगता यायचं नाही, त्यांना तू सरळ बायकोला घेऊन या म्हणून परत पाठवायचीस.

मी आठवीत होते त्या वर्षीची गोष्ट. दुपारपर्यंत कॉलेजच्या मुलाचा घसा पार बसून गेला आणि वहीवाल्या काकांनी माझ्याकडं पाहिलं. शाळेत वक्तृत्वात माझा पहिला नंबर आला होता, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं, कारण मीच सांगितलं होतं. मी माईक धरला. "लक्ष द्या, लक्ष द्या!" बाप्पा, काय वाटलं म्हणून सांगू तुला! माझाच आवाज मैदानाच्या त्या टोकाहून फिरून माझ्या कानावर येत होता. बाहेर बाया मान वर करून भोंग्याकडं बघत होत्या. कोणीतरी म्हणालं, "कोण पोट्टी हाय वं? मस्त बोलून राहिली." मी ते ऐकलं आणि तिथंच माझं डोकं फिरलं. तूही हसत होतीस. तुझ्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ना, ते पाहायला मी आजही पुन्हा आठवीत बसायला तयार आहे.

तासाभरानं एका स्वयंसेवकानं नळापाशी सापडलेली एक मुलगी आणली. पाच-सहा वर्षांची. मूठ घट्ट मिटलेली, ओठ त्याहून घट्ट. सकाळी काय खाल्लं, बकरीला काय म्हणतात, कशालाच उत्तर नाही. दोन वेण्या, दोन्हींना लाल रिबन. तू तिच्या डाव्या वेणीची रिबन सोडून पदराला बांधलीस आणि तिच्यापुढं सूप सरकवलंस. ती रडलीही नाही. मान खाली घालून खडे काढायला लागली, इतके नीट की एवढ्या वर्षांत कोणी काढले नसतील. मी पुकारा दिला. पाच-सहा वर्षांची मुलगी, पांढरा फ्रॉक, ज्यांची असेल त्यांनी मांडवात यावं. कोणी आलं नाही. पुन्हा दिला. तिसऱ्यांदा दिला. कोणी नाही. मैदानात पांढरा फ्रॉक नसलेली मुलगी शोधावी लागली असती, असल्या वर्णनावर कोण येणार, असं मी तुला म्हटलंसुद्धा. तेवढ्यात दोन लहानग्यांना शू लागली म्हणून बाहेर न्यायची पाळी आली. एकाला कडेवर घेऊन, दुसऱ्याचं बोट धरून तू उठलीस. "मी आत्ता येते. कोणी आलं तं बसवून ठेवजो. देऊ नको कोणाले."

तुझी पाठ वळली आणि मी माझं वक्तृत्व काढलं. आता लिहितानाही कान गरम होतात, पण तो पुकारा मला अजून पाठ आहे. "पाच ते सहा वर्षे वयाची, सावळ्या वर्णाची, उजव्या कानाखाली तीळ असलेली, मितभाषी मुलगी. उजव्या वेणीस लाल रिबन. डाव्या वेणीची रिबन आमच्याकडे सुरक्षित आहे." मितभाषी! पाच वर्षांच्या पोरीला! आणि रिबनीचंही सांगून टाकलं. घराला कुलूप लावायचं आणि किल्ली दारावरच टांगायची, तसं. दहा मिनिटांत एक बाई आली. तिशीची असेल, स्वच्छ पांढरं लुगडं, आवाज मऊ. म्हणाली, माही पोरगी हाय. मी ऐटीत विचारलं, ओळख सांगा. तिनं तीळ सांगितला, वेण्या सांगितल्या, डाव्या वेणीची रिबन तुमच्यापाशी हाय म्हणाली. सगळं बरोबर. वहीवाले काका जेवायला गेले होते, म्हणून वहीत गावाचं नाव मीच लिहिलं, तिचा अंगठा घेतला. रिबन तुझ्या पदरात होती, तर मी तिला सांगितलं, माझी आई आली की घेऊन जा. ती म्हणाली, राहू दे बाई, रिबनीचं काय एवढं. आणि मुलीला घेऊन ती गेली. मी लगेच पुढचा पुकारा द्यायला माईककडं वळले.

तू परत आलीस ती सतरंजीकडं बघतच. "ते वेणीवाली कोठी हाय वं?"

"नेली तिच्या मायनं," मी म्हटलं. "सगळं बरोबर सांगतलं तिनं."

"तिनं सांगतलं का तू सांगतलं? पुकारा कोणता देला?"

मी म्हणून दाखवला. शाबासकीची वाट बघत, अगदी हातवाऱ्यांसकट. तू मला मध्ये तोडलं नाहीस, पूर्ण ऐकलंस. मग विचारलंस, "पोट्टी रडली का?"

"नाई. शहाण्यासारखी गेली."

कडेवरचं पोर तू खाली ठेवलंस. तुझा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. "अवं, माय दिसली की लेकरू रडते वं! सकाळपासून दाबून धरलेलं सगळं भायेर येते. पदर धरून, लाथा मारून रडते. नाई रडलं तं ते माय नोहे!"

इतका वेळ मला ती गोष्ट खेळासारखी वाटत होती आणि एका क्षणात मला कळलं की एक जिवंत मुलगी मी कोणाच्या तरी हाती देऊन टाकली आहे, आणि मैदानाच्या कडेला ट्रक उभे आहेत, रेल्वे आहे, आणि सगळ्या बाया पांढऱ्या लुगड्यांत आहेत. मी म्हणाले, मी पुकारा देते, त्या बाईचं वर्णन सांगते. तू माझा हात धरून मला बाजूला केलंस आणि स्वतः माईकपुढं उभी राहिलीस. तू! दरवर्षी मंडळाचे लोक तुला आग्रह करायचे, दोन शब्द बोला बाई, आणि तू पदर तोंडाला लावून हसत पळायचीस. तुला माईक जवळ धरायचा की लांब हेही ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा तर नुसती किंचाळीच उठली भोंग्यातून.

"आयका वं बायांनो, आयका गा! मी लेकरांच्या मांडवातून बोलून राहिली. जो जेथी असंल त्यानं तेथीच खाली बसा. उभं राहू नका कोणी. अन् आपापलं लेकरू आपापल्या मांडीवर घ्या. बसा माह्या बायांनो, बसून घ्या!"

कशासाठी बसायचं, ते तू सांगितलं नाहीस. एवढ्या घाईतही एक गोष्ट तू आपल्यापाशी ठेवलीस. आणि माय, लोक बसले. मांडवाजवळचे आधी, मग त्यांच्या पलीकडचे, मग भोंगा पोचेल तिथवरचे. आपल्या लोकांना ती सवयच होती, सभेत बसा म्हटलं की बसायचं, काहून ते मागून विचारायचं. मी टेबलावर चढून पाहते तर उभं मैदान खाली खाली जात आहे. चुलीपुढच्या बाया बसल्या, पुस्तकांच्या दुकानांपुढची गर्दी बसली, पोरांना ओढून ओढून मांडीवर घेतलं. उभे राहिले ते फक्त दोन-चार चहावाले, स्वयंसेवक आणि एक हवालदार. त्या बाईला मी उभ्या माणसांत शोधत होते आणि ती उभ्यांत नव्हतीच. रस्त्याच्या अंगाला, पाण्याच्या टाकीपाशी, तीही बसली होती. चांगली मांडी घालून, दोन्ही हात पुढं करून. चार पावलांवर रस्ता होता, पळाली असती तर कोणाच्या बापाला सापडली नसती. पण भोंग्यावर बसा म्हणाले म्हणून ती बसली. आणि सगळ्या मैदानात लेकरं मांडीवर होती, तिच्यापुढं तेवढी एक मुलगी उभी होती. लाल रिबन एकाच वेणीला. ती काही केल्या त्या मांडीवर बसेना.

मी टेबलावरून ओरडले, स्वयंसेवक धावले, आणि दोघींना मांडवात आणलं तेव्हा मागं पन्नास माणसं. एकानं चप्पल काढली होती हातात. तू त्या बाईच्या पुढं जाऊन उभी राहिलीस. "हात लावाचा नाई तिले. हवालदार हाय ना, त्याले बोलवा. तुमी आपल्या लेकरांकडं पाहा." ती बाई खाली बसून रडत होती. म्हणाली, "तीनदा पुकारा झाला बाई, कोणी आलंच नाई. म्हटलं टाकून देली असंल पोरीले. माह्या घरी कोणी नाई." तू तिच्यावर अशी काही बरसलीस की चप्पलवालाही दोन पावलं मागं सरला. "म्हणून उचलून न्यायची? अन् तिची माय मेली असती ना वं ऊर बडवून!" आणि एवढं बोलून झाल्यावर लोट्यातलं पाणी तिला दिलंस. हवालदार तिला चौकीवर घेऊन गेला, संध्याकाळी तिच्या गावची माणसं तिथं आली असं कळलं, पुढचं आपल्याला काही कळलं नाही. तू तिला कधी चोर म्हटलं नाहीस आणि कधी माफही केलं नाहीस. विषय निघाला की म्हणायचीस, "जेवली नसंल ते त्या दिवशी."

उन्हं कलली तेव्हा मुलीची आई आली. ती स्टेशनच्या बाजूला शोधत फिरत होती, तिथं भोंगा ऐकू जात नव्हता. अनवाणी, केस सुटलेले. मुलीला पाहिल्याबरोबर तिनं आधी पाठीत एक धपाटा घातला. आणि काय ते पोरगं रडलं माय! मितभाषी म्हणे. असा टाहो फोडला की बाकीची पोरंही सूप सोडून तिच्यासोबत रडायला लागली. लाथा, बुक्क्या, पदर ओढणं, सगळं तू सांगितलं होतंस तस्संच. आई तिला छातीशी धरून दाबते आहे, आणि दाबता दाबता तिचा हात पोरीच्या डाव्या वेणीवरून फिरतो आणि थांबतो. "अन् दुसरी रिबन कोठी हाय? कालच घेतल्या व्हत्या!" तू हसायला लागलीस. हसता हसता तुझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दिवसभर विड्यांच्या दोऱ्याशी खेळणारी तुझी बोटं, पण ती गाठ काही तुला सुटेना. शेवटी त्या बाईनंच दातांनी सोडली.

मग मांडवाचं सगळं बघणारे मंडळाचे एक मोठे गृहस्थ आले. पोर कोणी दिलं, म्हणून त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार तोच तू म्हणालीस, "म्या देली. नजर चुकली माही." ते म्हणाले, बाई, वहीत अक्षर तुमच्या मुलीचं आहे. "अक्षर तिचं हाय, सांगतलं म्या. ते लेकरू हाय, तिले काय समजते? तिनं त्या पोट्टीकडं पाह्यलंबी नसंल." त्यांनी वही मिटली, पण इतक्या वर्षांच्या तुझ्या कामावर त्या दिवशी एक डाग पडला आणि तो तू स्वतःच्या हातानं लावून घेतलास. माझ्या डोळ्यांदेखत.

घरी जाताना तू पुढं, मी मागं. मग मेडिकलच्या कुंपणापाशी थांबलीस, डोक्यावरचं सूप सरळ केलंस आणि म्हणालीस, "तो भोंगा तुहा आवाज आयकाले नाई लावला. तेथी कोण्या मायचा जीव टांगला व्हता." बस, एवढंच. मी रस्त्यातच भोकाड पसरलं. तू पाहिलंस माझ्याकडं आणि म्हणालीस, "आता रडून राहिली. चाल, तुह्या बापाले भूक लागली असंल." आणि माझ्या काखेतली तांदळाची पिशवी तूच घेतलीस.

त्यानंतर दोन दसरे मी फक्त तांदूळ निवडला. माईककडं बघायचंही नाही. तुला वाटत असेल मी चिडले होते. पहिल्या वर्षी चिडले होते, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या वर्षी मला कळायला लागलं की तू नाव न विचारता पोरांकडून सगळं काढून घेतेस ते कसं, कोणत्या पोराला हात लावायचा आणि कोणत्याला नाही, कोण हरवलेलं आहे आणि कोण घरचा मार चुकवायला मुद्दाम मागं राहिलेलं आहे. मॅट्रिक झाल्यावर मी पहिल्यांदा साडी नेसून मांडवात आले. तू एका पोराच्या कमरेचा करदोडा काढलास आणि माझ्या पदराला बांधलास. माझ्या लग्नात तू मला काय काय दिलंस ते आज आठवावं लागतं, ती गाठ आठवावी लागत नाही.

आणि नोकरी लागली तीही अशीच बघ, बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत, पुढ्यात पुन्हा माईक. तुला किती मजा वाटायची! "सरकारनं देला आता भोंगा." तिथं हरवलेली पोरं कमी, पळून आलेली जास्त. ती ओळखायला मला कधी अवघड गेलं नाही. घरी जाणारं पोर गावाचं नाव घेतं, पळालेलं पोर विचारतं, सगळ्यात लांब कोणती गाडी जाते. अशा पोराचा पुकारा मी कधीच दिला नाही. नाव भोंग्यावर आलं की ते पोर दुसऱ्या दारानं निघून जातं. एकदा एक चौदा वर्षांची मुलगी आली, दप्तरात दोन कपडे कोंबलेले. मी तिला खिडकीच्या आत घेतलं, जेवलीस का विचारलं, आणि वेळापत्रकाचे कागद घड्या घालायला दिले. दोन तास ती घड्या घालत होती. घड्या घालता घालता नापासाचा निकाल निघाला, वडिलांची भीती निघाली, वर्ध्याकडचा पत्ताही निघाला. संध्याकाळी मोठा भाऊ धापा टाकत आला, त्याला पाहून जी रडली! मी त्या भावाला दारात अडवून घरून निघताना तिनं काय घातलं होतं ते विचारलंच. तो माझ्यावर ओरडला. मला फार बरं वाटलं. त्या दिवशी घरी येऊन तुला सांगितलं तेव्हा तू विडीचं पान कापत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "मंग? शिकवून कोणं देलं?"

आता दीक्षाभूमीवर हरवलेल्या मुलांसाठी चांगली व्यवस्था असते, पोरांच्या गळ्यात फोन नंबराच्या चिठ्ठ्या असतात. गेल्या दसऱ्याला नातीला घेऊन गेले होते. तिला विचारलं, मी हरवले तर काय करशील? म्हणाली, पुकारा देईन, माझी आजी हरवली आहे, खूप बोलते. मी सुखी आहे गं माय. गुडघे सोडले तर तक्रार नाही.

फक्त एक राहिलं आहे. ती बाई त्या मुलीला घेऊन निघाली ना, तेव्हा मांडवाच्या कडेशी त्या मुलीनं तिच्या हातातून आपला हात सोडवून घेतला होता. आणि वळून माझ्याकडं पाहिलं होतं, चांगलं थांबून. मी पाहिलं, माय. मला कळलंही होतं की काहीतरी बरोबर नाही. पण माईक चालू होता, बाहेर बाया मान वर करून वाट बघत होत्या, आणि मी त्या मुलीला मानेनं खुणावलं, जा म्हणून. मग ती गेली. तू त्या गृहस्थांना म्हणालीस, तिनं पाहिलंही नसेल, आणि मी तुझ्या मागं उभी राहून गप्प राहिले. पुढंही एवढी वर्षं तू हाताशी होतीस, रोज बोलत होतो, आणि हे एवढं बोलले नाही. तुला कोणाचं पत्र आलं की तुला वाचता यायचं नाही, मीच वाचून दाखवायचे. हे पत्रही आलं असतं तर मलाच वाचावं लागलं असतं, आणि एवढा भाग मी गाळला असता.